दोन लाटा

"श्वास धरा, अण्णा," डॉक्टर म्हणाले, आणि पडद्यावरचे सगळे थांबले.

क्षणापूर्वी तिथे काहीतरी हलत होते. राखाडी वळणे, वळणांच्या पोटात साचलेले काळे पाणी, कडेला पांढुरक्या फेसाचे डाग. सारे एका मंद लयीत वरखाली होत होते. मी जवळजवळ ओरडलेच, "हललं! डॉक्टर, आतडं हललं ना?"

"तो श्वास होता," डॉ. कोरगावकर म्हणाले. "श्वासानं सगळंच खालीवर होतं, म्हणून हलल्यासारखं दिसतं. आता बघ."

अण्णांनी गाल फुगवून श्वास धरला होता. नाकातल्या नळीमुळे तो चेहरा त्यांचा वाटत नव्हता. आईनेही श्वास धरला होता, मीही; आम्हांला कुणी सांगितले नव्हते. आणि पडद्यावर वैशाखातल्या कृष्णेच्या डोहासारखे एक काळसर पाणी तेवढे उरले. ते कुठे जात नव्हते. त्याला कुठे जायचेच नव्हते.

"सोडा श्वास."

डोह पुन्हा खोटेखोटे हलू लागला.

आतड्याला पीळ पडला म्हणून अण्णांना मिरजेच्या ह्या इस्पितळात आणले होते. शस्त्रक्रिया झाली, काळा पडलेला तुकडा काढून टोके जोडली गेली. इथवर सारे नीट झाले. पण अशा शस्त्रक्रियेनंतर आतडी काही काळ झोपी जातात आणि मग आपसूक जागी होतात, तशी अण्णांची झाली नाहीत. पोट माठासारखे फुगत चालले. सकाळ-संध्याकाळ जो तो एकच विचारी, "वारा सरला का?" नर्स विचारी, भेटायला आलेले मठाचे व्यवस्थापक विचारत, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तर डुलकीतून दचकून उठला की आधी तेच विचारी. ज्या माणसाने जन्मभर सोवळ्यात राहून देवाचा स्वयंपाक केला, त्याच्या ह्या एका गोष्टीकडे एवढी माणसे कान लावून बसली होती. अण्णा दर वेळी लाजत आणि मान हलवून नाही म्हणत.

त्याच सकाळी सर्जन डॉ. मगदूम यांनी आईला आणि मला व्हरांड्यात बोलावले होते. "उद्या दुपारपर्यंत थांबू," ते म्हणाले होते. "हालचाल दिसली, तर आतडं जिवंत आहे, आणखी वाट बघता येईल. नाही दिसली, तर पुन्हा पोट उघडावं लागेल. आणि काकू, स्पष्टच सांगतो. त्यांचं हृदय पहिल्या भुलीतच दमलंय. दुसरी झेपेल असं मला वाटत नाही."

वासाची कल्पना कोरगावकरांची. सोनोग्राफी करणारे हे डॉक्टर इतरांहून वेगळे होते. रोग्याशी बोलल्यावाचून त्यांचा हात चालत नसे. त्यांनी आईला समजावले होते की, आवडीच्या पदार्थाचा वास आला, तो तोंडात घोळला, की डोक्याकडून आतड्याला निरोप जातो : जेवण येतंय, ऊठ. गिळायचे नाही, नुसते चावायचे आणि थुंकायचे. "ज्याच्या वासानं ह्यांच्या तोंडाला पाणी सुटतं असं काहीतरी घेऊन या. बाकी मी पडद्यावर बघतो."

आईला विचार करावाच लागला नाही. तिने गावी निरोप धाडला आणि दुपारच्या आत मठातून पितळी डबा आला. गव्हाची खीर. गूळ, सुंठ, जायफळ, खोबऱ्याचा कीस. अण्णांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने अण्णांच्याच मापाने केलेली. पंचक्रोशीतली माणसे पौर्णिमेला देवदर्शनाचे निमित्त करून त्या खिरीला येत.

"मठाचे स्वयंपाकी तुम्ही?" कोरगावकरांनी पोटावर जेली पसरत विचारले होते. "मग माझ्या सासूबाई तुमच्या भक्त. देवाचा नंबर नंतर लागतो."

अण्णा हसले होते. मग झाकण उघडले, खोली जायफळाने भरून गेली, आईने चमचा त्यांच्या ओठांना लावला. अण्णांनी आज्ञाधारकपणे चावले आणि थुंकले. पुन्हा चावले, पुन्हा थुंकले. आणि पडद्यावर आत्ता पाहिला तो डोह.

"काकू," पोटावरून फिरवलेला प्रोब पुसत कोरगावकर म्हणाले, "ह्यांना खीर आवडते ना नक्की?"

"आवडते म्हणजे?" आईला तो प्रश्न लागला. "जन्मभर त्यांनी दुसरं केलंय काय?"

आम्ही बाहेर आलो. बाकावर दिवस भरत आलेल्या बायका पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. आत जाऊन हालचाल पाहायची म्हणून त्याही थांबलेल्या. त्यांतल्या एकीने सरकून आईला जागा दिली. "लेकीचं का सुनेचं, मावशी?"

"ह्यांचं," आई म्हणाली, आणि ढकलखुर्चीतून बाहेर येणाऱ्या अण्णांकडे तिने बोट केले. बाई ओशाळली. आई मात्र किंचित हसली. त्या दिवसांतले तिचे तेवढेच हसणे मला आठवते.

संध्याकाळी आई देवळात गेली होती. खिडकीतून येणारा उजेड चादरीवर जुन्या ताम्हनासारखा पिवळा पडला होता. अण्णा बराच वेळ छताकडे पाहत होते. मग नळीमुळे घोगऱ्या झालेल्या आवाजात म्हणाले, "खीर आणायला नको होती गं."

"का?"

"नैवेद्याचा वास. तू कधी आत आली नाहीस मुदपाकखान्यात. आम्ही नाका-तोंडावर फडकं बांधतो. देवाच्या आधी चव घ्यायची नाही हे तर झालंच, पण वासावर मन गेलं तरी उष्टं होतं. मीठसुद्धा हाताच्या अंदाजानं. चाखून नाही."

"पण वास तर येणारच की, अण्णा."

"येतो. येऊ द्यायचा. त्याच्या मागं जायचं नाही." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, ओठ कोरडे होते. "मठात लागलो तेव्हा फार जायचं मन. उमेदीचं वय, घरी दोन वेळची भ्रांत, आणि पुढ्यात खिरीची हंडी. तोंडाला पाणी सुटायचं. सुटलं की बाहेर जाऊन थुंकायचं, स्नान करायचं, पुन्हा आत यायचं. थंडीच्या दिवसांत सकाळपासून तीन-चार स्नानं व्हायची. आमचे जुने स्वयंपाकी तात्याबुवा हसायचे. म्हणायचे, हा गडी स्वयंपाक करतोय का गटांगळ्या खातोय? मग हळूहळू सुटायचं बंद झालं. एकदा अख्खी पौर्णिमा झाली, हंडीवर वाकून ढवळलं, आणि आत काही म्हणजे काही हललं नाही. काय अभिमान वाटला होता मला."

ज्या वासाने त्यांनी देहाला निश्चल व्हायला शिकवले होते, नेमका तोच आम्ही त्यांच्या नाकाशी नेला होता, आणि देहाने शिकवलेले तंतोतंत पाळले होते.

"मग कशानं सुटायचं पाणी?" मी विचारले. "अण्णा, उद्या दुपारपर्यंतच वेळ आहे. काहीतरी असेल ना?"

ते भिंतीकडे वळले. वाटले, झोपले. मग भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "स्टँडवर गाडी लागते ना संध्याकाळी. आमलेटची."

"कुठं?"

"आपल्या गावात गं. शेजारती करून घरी यायचो तेव्हा वाटेत लागायची. कांदा चिरलेला, हिरवी मिरची. तवा तापला की चर्रर्र व्हायचं. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगानं जायचो." थोडे थांबून ते म्हणाले, "वारा नदीकडून यायचा. पलीकडं वास जास्त यायचा."

"मग पलीकडून का जात होता?"

त्यांच्या पाठमोऱ्या खांद्यांत एक बारीकसे हसू थरथरले.

"कधी खाल्लंत?"

"छे. पोटात नुसतं गुरगुरायचं. घरी आलो की तुझ्या आईला ऐकू जायचं. भुकेलेत म्हणून ती लगेच पान वाढायची." मग एकदम मान वळवून, घाबऱ्या डोळ्यांनी, "तिला सांगू नकोस."

मी सांगितले. दुसरा इलाज नव्हता; आईला चुकवून त्या खोलीत काही नेणे शक्य नव्हते, आणि तसे नेणे मला नको होते. सकाळी नळाशी ती अण्णांचे पंचे पिळत होती, तेव्हा सांगितले. पिळलेला पंचा तिच्या हातात तसाच राहिला.

"अंडं?"

"हो."

"स्टँडवरची गाडी." तिने पंचा झटकला, दोरीवर टाकला, काठ जुळवले. "म्हणजे घरी येताना."

"हो."

"रोज भुकेले यायचे. ओसरीवर आले की पोट बोलायचं. मला वाटायचं..." वाक्य तिने दोरीवरच सोडले. काठ जुळलेले असताना पुन्हा जुळवले. आमच्या घरात कांदालसूणसुद्धा येत नसे. तीही त्यांच्यासाठी, त्यांच्या देवासाठी. माहेरी ती कांद्याची भाकरी आवडीने खायची, असे मामा सांगत.

"आई, तू नको म्हणालीस तर..."

"नको कशी म्हणू? माणूस जगायला हवा." आणि काही वेळाने, "कांदा घालतात ना त्यात?"

"घालतात."

"मग घालायला सांग. अर्धवट काही नेऊ नकोस."

इस्पितळाच्या फाटकाबाहेर तशी गाडी होतीच. माणसाने अंडी फोडली, कांदा-मिरची टाकली, तव्याने अण्णांनी वर्णिलेला नेमका तोच आवाज केला. कागदात गुंडाळलेली ती उष्ण घडी घेऊन मी सोनोग्राफीच्या खोलीकडे आले, तेव्हा आई बाकावर बसली होती.

"तू आत ये की."

"नको. मी असले की ते संकोचतील." तिने कागदाकडे पाहिले, त्याच्यावर उमटत चाललेल्या तेलाच्या डागाकडे. "जा. निवेल."

आत अंधार होता. कोरगावकरांनी कागद उलगडला आणि डोळे मिटून वास घेतला. "अण्णा, हे तुमचं झालं की माझ्यासाठी एक मागवतो."

"ती कुठंय?" अण्णांनी मला विचारले.

"बाहेर. बाकावर."

त्यांनी दाराकडे पाहिले. दार ओढलेले होते. मग त्यांनी तोंड उघडले. मी तुकडा घातला. ते चावू लागले, आधी भीत भीत, मग दाढांनी, मग जबड्याच्या साऱ्या जोराने. आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानांकडे गेले. मी भांडे पुढे केले, ते थुंकले आणि त्यांनी लगेच पुन्हा तोंड उघडले. तसे मागताना मी त्यांना आयुष्यात पाहिले नव्हते.

"थांबा," कोरगावकर एकदम म्हणाले. "श्वास धरा, अण्णा. धरा."

सारे थांबले. आणि एक गोष्ट थांबली नाही. पडद्याच्या डाव्या अंगाला एक वळण आखडले, त्याची भिंत जाडावली, ते आखडणे पुढे सरकले, पुढच्या वळणात उतरले, आणि काळे पाणी त्याच्यापुढे निमूट चालू लागले. एखाद्या बंद घरात कुणीतरी हातात दिवा घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे, तसे.

"हा श्वास नाही," मी म्हणाले.

"नाही. हे आतडं आहे." कोरगावकरांचा आवाज चढला होता. "चावत राहा, अण्णा! हां, ही बघ, दुसरी आली. चांगली आहे ही, भरघोस आहे. अरे वा, म्हाताऱ्या!" आणि आनंदाच्या भरात त्यांनी दाराकडे मान वळवून हाक मारली, "काकू! काकू, आत या, बघा!"

दार उघडले. बाहेरच्या उजेडाचा एक पट्टा आत आला आणि त्याच्यात आई उभी होती.

तिने पडद्याकडे पाहिलेच नाही. तिने अण्णांकडे पाहिले. त्यांच्या ओठाला तेल लागले होते, हनुवटीवर कांद्याचा एक तुकडा चिकटला होता, गाल भरलेला होता. अण्णांचे चावणे थांबले. ते भांड्यात थुंकले, मी पुसायच्या आत त्यांनी पालथ्या मुठीने तोंड पुसले, आणि मूठ चादरीखाली लपवली.

"इकडे बघा, काकू. इथे, ह्या वळणात. आत्ता येईल बघा." कोरगावकर प्रोब सरकवत होते. "आत्ता येईल."

काही आले नाही.

"खा हो," आई म्हणाली. तिचा आवाज फार मऊ होता. "खा तुम्ही. मी काही म्हणत नाहीये."

ती म्हणाली म्हणून त्यांनी तोंड उघडले. मी तुकडा घातला. खीर चावली होती तसेच त्यांनी तो चावला, तेवढाच, तसाच. पडद्यावर डोह होता. आई काही क्षण उभी राहिली. मग तिचे तिलाच कळले. ती बाहेर गेली, दार तिने आवाज न होऊ देता ओढून घेतले. पण पाणी पुन्हा चालले नाही. आमलेट निवले. कोरगावकरांनी दुसरे मागवले, तेही निवले.

मगदूम आले, तेव्हा दुपार झाली होती. अण्णांना ताप चढला होता.

"दोन लाटा पाहिल्या मी," कोरगावकरांनी सांगितले. "स्पष्ट. श्वास धरलेला असताना."

"आत्ता दाखव."

"आत्ता नाही दिसत."

"छापलंय काही?"

कोरगावकरांनी यंत्रातून निघालेला कागद दिला आणि स्वतःच खांदे पाडले. त्या यंत्राला चित्र छापता येई, हालचाल छापता येत नसे. चाललेले पाणी आणि साचलेले पाणी कागदावर एकच दिसत होते.

"तुझ्यावर अविश्वास नाही," मगदूम म्हणाले. "पण ताप बघ, नाडी बघ. जोड उसवला असेल आणि मी दोन लाटांवर थांबलो, तर?" त्यांच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती. आजही मला काढता येत नाही.

नेण्याआधी अण्णांनी चूळ भरायला पाणी मागितले. आईच तांब्या घेऊन आली. तिने त्यांचे तोंड पुसले, हनुवटी पुसली, मग चादरीखालून मूठ काढून बोटे एकेक करून पुसली.

"वास येतो का गं अजून?" त्यांनी विचारले.

"येतो," आई म्हणाली. "येऊ दे."

अण्णांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. काहीतरी म्हणणार होते बहुधा. पण खाटेची चाके सुरू झाली.

आम्ही शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलो. ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आले आणि तिथून निघून गेले. मग मगदूम बाहेर आले. टोपी त्यांच्या हातात होती, आणि ते थेट आईकडे न पाहता तिच्या खांद्यामागच्या खिडकीकडे पाहत बोलले.

"पोट चांगलं निघालं, काकू. जोड शाबूत आहे. काही काढावं लागलं नाही, बघितलं आणि शिवलं. पण रक्तदाब फार खाली गेलाय. मशीनवर ठेवलंय. हृदय किती साथ देईल, बघू."

त्या मशीनवरून अण्णा परत आले नाहीत. पण हे कळायला अजून अवकाश होता. त्या वेळी आम्ही दाराशी उभ्या होतो, आणि आईने फक्त एकच गोष्ट विचारली.

"आतडं हलत होतं?"

मगदूमांनी आता तिच्याकडे पाहिले. आपल्याजवळ देण्यासारखे एवढेच आहे आणि ते तरी पुरते द्यावे, असे काहीसे त्यांच्या चेहऱ्यावर आले. "हो. हलत होतं. हात लावला की लाट जायची. अगदी छान."

आईने मान हलवली. पदर खांद्यावर सारखा केला.

"मी नव्हते ना तिथं," ती म्हणाली.

त्यांना वाटले, तिला आत घेतले नाही ह्याचे तिला वाईट वाटते आहे. "घरच्या कुणालाच आत घेत नाहीत, काकू," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तसा नियमच आहे."

"बरोबर आहे," आई म्हणाली.